कारलं पानात पडल्यावर

“अक्का, ‘माझ्या उपचाराचा निर्णय माझ्या हातात आहे.’ हे किती पटतं? एक ते पाच.”

डॉक्टर शिवतेज हुक्केरी मठाच्या ओसरीवर पेन सरसावून बसला होता. निर्णय घेताना रुग्णाला किती खात्री वाटते, किती बळ वाटतं, हे मोजणारी प्रश्नावली त्यानं स्वतः तयार केली होती. परदेशात तिचं कौतुक झालं होतं आणि ते कौतुक त्याच्या अंगात चांगलंच भिनलं होतं.

समोर अक्का. गडहिंग्लजकडच्या या मठाच्या प्रमुख, आणि पोरवयात त्याला शिकवणाऱ्या गुरू. साखरेच्या आजारानं त्यांचं डावं पाऊल काळं पडत चाललं होतं.

“ऑपरेशन कवा?” अक्कांनी उलट विचारलं.

“गुरुवारी. गुडघ्याखालून पाय काढायचा.”

“कुणी ठरवलं?”

“काल… आम्ही डॉक्टरांनी बसून.”

“दुसरी वाट न्हाई?”

“आहे. नुसती बोटं काढून बघता येईल. पण जखम भरली नाही, तर जिवावर बेतेल. म्हणून ती सांगितलीच नाही.”

अक्का भिंतीला धरून उठल्या.

“चल. पंगत बसलीया.”

मठाचा नेम जुना होता. पानात पडलेलं टाकायचं नाही. म्हणूनच वाढणाऱ्यानं आधी विचारायचं, मग वाढायचं. याच नेमापायी शिवतेजनं लहानपणी अक्कांची भरपूर बोलणी खाल्ली होती.

अक्का लंगडत येऊन त्याच्या शेजारी टेकल्या. भाजीचं पातेलं ओढलं. त्याच्या पानात कारल्याची भाजी पडली. एक पळी. आणखी एक. आणखी…

कारल्याच्या नुसत्या नावानं शिवतेजचं तोंड कडू व्हायचं.

“अक्का! आधी विचारायचं असतं ना!”

“बरं, आता इचारते. कारलं घ्यायचं का न्हाई, ह्ये तुझ्या हातात हाय. किती पटतं? एक ते पाच.”

पंगत खो खो हसली. शिवतेजला राग आला, अगदी खरा राग.

“मी तुमच्या भल्यासाठीच ठरवलं होतं!”

“कारलंबी भल्याचंच असतंय.”

तो पानाकडे बघत राहिला…

मग उठला, अंगणात गेला आणि हॉस्पिटलला फोन लावला. परत आला तेव्हा त्याचा आवाज खाली आला होता.

“गुरुवारचं रद्द केलं, अक्का. दोन्ही वाटा नीट सांगतो. तुम्ही ठरवा. पण… तुम्ही चुकीची वाट धरली तर?”

अक्कांनी त्याच्या पानाकडे बोट दाखवलं.

“कारलं तुझं, त्ये संपव. पाय माझा.”