डावा लोटतो, उजवा ओढतो

खाडीकाठच्या एका गावात हसाजी नावाचा एक भोळा तेली राहत होता. तो बेने इस्रायल या ज्यू समाजातला, म्हणून शनिवारी त्याचा घाणा बंद. डोकं मात्र आठवडाभर बंद.

एका शनिवारी सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालली होती. म्हातारे अब्राहमजी पेंगत होते. हसाजी उठला आणि ओरडला, "अब्राहमजी झोपले! घोरतायत बघा!"

सगळे हसले. म्हाताऱ्याने मान खाली घातली ती वर केलीच नाही.

प्रार्थना चालवणारे हज्जान बनाजीकाका हसाजीला बाहेर घेऊन गेले. "अरे, चारचौघांत माणसाची लाज काढणं म्हणजे त्याचं रक्त सांडणं. कोणाचं चुकलं तर त्याला एकीकडे घ्यावं आणि कानात हळूच सांगावं."

"बरं काका."

दोन दिवसांनी रिबकाबाई शेजारणीच्या अंगणात बायकांबरोबर तांदूळ निवडत होती. इकडे तिच्या स्वतःच्या घरी चुलीतली ठिणगी उडून छप्पर धुमसायला लागलं. हसाजीने ते पाहिलं.

"काकू, जरा एकीकडे या."

"इथंच सांग की."

"इथं चारचौघी आहेत."

त्याने तिला आंब्यामागे नेलं. तिथे गुराखी बसला होता. खाडीवर नेलं. तिथे कोळी जाळी वाळवत होते. शेवटी पार मिठागराच्या टोकाला नेलं, इकडेतिकडे पाहिलं आणि कानाशी लागून म्हणाला, "काकू, तुम्ही चूल न विझवता आलात. घर पेटलंय."

बायकांनी घागरी ओतून निम्मं छप्पर वाचवलं. निम्मं गेलं.

बनाजीकाकांनी कपाळावर हात मारला. "नुसतं गोड वागून भागत नाही रे! आपल्यात जुनं वचन आहे. चुकलेल्या माणसाला डाव्या हाताने लोटावं आणि उजव्या हाताने जवळ ओढावं. रागही हवा, मायाही हवी."

"डावा लोटतो, उजवा ओढतो," हसाजीने घोकलं. "बरं काका."

पुढे दारफाळणीचा सण आला. हा उपासाचा मोठा दिवस. तो लागायच्या आत एकमेकांची माफी मागायची, म्हणजे देव आपल्याला माफ करतो. गावात एल्लोजी आणि मुसाजी हे सख्खे भाऊ मात्र एकमेकांचं तोंड बघत नव्हते. आईच्या दुखण्यात जास्त कोण खपलं, यावरून फाटलं होतं. काकांनी मिनतवाऱ्या करून दोघांना सिनेगॉगच्या विहिरीपाशी आणलं.

"आधी दादाने बोलावं," मुसाजी म्हणाला.

"आधी धाकट्याने," एल्लोजी म्हणाला.

हसाजी तिथेच पाणी शेंदत होता. दोघांचंही चुकतंय, हे त्याला दिसलं. त्याने डाव्या हाताने एल्लोजीला लोटलं. एल्लोजी धपकन विहिरीत. उजव्या हाताने मुसाजीला ओढलं आणि छातीशी घट्ट धरलं.

"सोड मेल्या! माझ्या दादाला पोहता येत नाही!" मुसाजी हसाजीच्या हाताला चावला आणि त्याने विहिरीत उडी घेतली.

लोकांनी रहाटाच्या दोराने दोघांना वर काढलं. दोघं एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होते.

"दादा, माझं चुकलं."

"नाही रे, माझंच."

काकांचे डोळे भरून आले. "हसाजी, तुझ्या गाढवपणातून देवाने काम करून घेतलं!"

हसाजीला एवढंच कळलं, की आपल्याला जमलं.

दिवस कलला. सगळा गाव पांढरेशुभ्र कपडे घालून सिनेगॉगच्या अंगणात जमला. काका सर्वांची माफी मागत मागत विहिरीपाशी आले. हसाजीसमोर त्यांनी हात जोडले.

"हसाजी, मी तुला फार बोललो. माझं चुकलं."

"चुकलं?" हसाजी म्हणाला. मग डाव्या हाताने त्याने काकांना विहिरीत लोटलं. उजव्या हाताने रहाटाचा दोर धरला आणि मायेने ओढू लागला.

सगळा गाव धावला. रिबकाबाई ऊर बडवत ओरडली, "अरे देवा! याला शहाणपण शिकवायला गेलो, आम्हा सगळ्यांचंच चुकलं!"

हसाजीने वळून सगळ्या गावाकडे पाहिलं.

"सगळ्यांचं?" तो म्हणाला, आणि त्याने डावी बाही वर सारली.