मागचा बाक

फिनलंडच्या शाळा पाहायला जाण्यासाठी निवड झाली होती इंदुमती ढवळेबाईंची; पण ऐनवेळी त्यांच्या जागी गेले शिक्षणाधिकारी घोरपडेसाहेब. परत आले ते थेट बाईंच्याच चौथीच्या वर्गात घुसले, तेही बुटांसकट. भागाकार अर्ध्यावर राहिला, मुलं ताडकन उभी राहिली आणि साहेब बाईंची खुर्ची ओढून बसले.

"त्या लोकांकडून काहीतरी शिका, बाई! काय ती शाळा, काय ती शिस्त!"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी आवाज न चढवता त्यांनी विचारलं, "तिथे तुम्हाला कुठे बसवलं होतं, साहेब?"

"अगदी मागे, मुलांच्या बाकावर! तास संपेपर्यंत ब्र काढायचा नाही. तिथल्या बाईंनी आमच्याकडे ढुंकूनसुद्धा पाहिलं नाही. याला म्हणतात शिकवणं!"

"पटलं मला. मग आजपासून इथेही तसंच." बाईंनी मागचा रिकामा बाक दाखवला. "बसा तिथे. माझा तास संपलेला नाही."

साहेब लालबुंद झाले. "बाई, मी अधिकारी आहे!"

"तिथेही अधिकारीच होतात ना? तरी बसलात," बाई म्हणाल्या आणि खडू उचलून फळ्याकडे वळल्या.