पेरभर परी आणि बाबांचं विमान

ज्या वाडीवरून दिवसभर विमानं उडायची आणि तरी तिथलं कुणी मान वर करून बघायचं नाही, त्या वाडीत शेवंता नावाची एक मुलगी राहायची. लाडाचं नाव शेवू. शेवूला मात्र प्रत्येक विमान बघायचं असे. घरघर ऐकू आली की हातातली भाकरी हातातच ठेवून ती अंगणात धावायची, आणि तिच्या मागोमाग तिचे बाबाही धावायचे. आई म्हणायची, या घरात एक नाही, दोन मुलं आहेत.

बाबा एका दुकानात घड्याळं दुरुस्त करायचे आणि सुट्टीच्या दिवशी घरी लढाऊ विमानं बांधायचे. घाबरू नका, खरी नव्हे. जुना पुठ्ठा, आइस्क्रीमच्या काड्या, संपलेल्या पेनांच्या रिफिली यांची ती चिमुकली विमानं होती. पण नक्कल अशी हुबेहूब, की खरं विमान बघून लाजलं असतं. फक्त बहात्तर पटींनी लहान. बहात्तर म्हणजे बहात्तर, एकाहत्तर चालत नाही, असं बाबा बजावून सांगायचे. त्या मापाने चांगला उंचापुरा माणूससुद्धा बोटाच्या पेराएवढा होतो, हे शेवूला पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं. कपाटावर विमानांची रांग उभी होती. एक निळंशार, एक करडं, एक हिरव्या-तपकिरी ठिपक्याठिपक्यांचं.

मग बाबांना ताप आला. तो लांबतच गेला. शेवटी उतरला खरा, पण जाताना बाबांच्या हातांत थरथर ठेवून गेला. घड्याळाचा काटा चिमट्यात धरला की टुणकन उडून जायचा. दुकानाचे मालक भले होते. हात स्थिर झाले की ये, तुझी खुर्ची तुझीच, असं त्यांनी सांगितलं. पण हात काही स्थिर होईनात. आई साड्यांना फॉल लावून देऊ लागली, तेही हातानेच, कारण घरात शिलाई मशीन नव्हतं. ताटात भाकरीबरोबर कधी चटणी असे, कधी नुसतं मीठ.

शेवूला मिठाचं इतकं वाईट वाटत नसे. तिला वाईट वाटायचं कपबशीच्या आवाजाचं. बाबा चहा घ्यायला बसले की कप बशीवर किणकिण किणकिण वाजायचा. आई भिंतीकडे बघायची, बाबा जमिनीकडे बघायचे.

टेबलावर एक अर्धवट विमान पडलं होतं. नॅट नावाच्या लढाऊ विमानाची ती नक्कल. खरं नॅटच मुळी लहानखुरं, मग बाबांचं तर वीतभरही नव्हतं. त्याच्या वैमानिकाच्या जागेवर पारदर्शक प्लास्टिकची गोल टोपी, म्हणजे विमानाची काच, बसवायची होती. हात थरथरतात म्हणून बाबांनी झटकन चिकटणारा गोंद वापरला, आणि त्या गोंदाच्या वाफेने स्वच्छ काच दुधासारखी पांढरी झाली. विमान बांधणाऱ्यांनी कधी करू नये अशी ही चूक. बाबा शेवूला कितीदा सांगायचे, काचेला नेहमी साधा पांढरा गोंद लावायचा, सावकाश. आणि ती चूक त्यांच्याच हातून झाली. त्यांनी ती काच काढून टाकली, विमानावर रुमाल घातला आणि तो परत उचलला नाही.

पण शेवू गप्प बसणारी नव्हती. बाबांच्या औषधांची रिकामी पाकिटं तिने धुंडाळली. गोळी काढताना पाकिटावरचा पारदर्शक फुगा चेपतो, त्यामुळे सगळे फुगे चेपलेले निघाले. एकच तेवढा गुबगुबीत राहिला होता. तिने तो धुऊन पुसून बाबांना दाखवला. बाबांनी तो उजेडात धरला आणि कितीतरी दिवसांनी हसले. म्हणाले, "बरोब्बर बसेल बघ. येत्या रविवारी पुन्हा हात लावून बघू."

दुसऱ्या दिवशी, उन्हं कलली आणि अंगणातली गुलबक्षी उमलायला लागली, तेव्हा शेवू तो फुगा डोळ्याला लावून आकाश बघत बसली होती. इतक्यात एक जेट विमान धडधडत डोक्यावरून गेलं. सगळी झाडं हलली, आणि वरून काहीतरी चमचमत, गिरक्या घेत खाली आलं आणि एका गुलाबी फुलात पडलं.

शेवूने फुलात डोकावून पाहिलं. आत एक परी होती. पेराएवढी. सोनेरी झगा, मोरपंखी पंख, केसांत दवाचे मणी. पण उजवा पंख मधोमध फाटला होता आणि परीच्या डोळ्यांत पाणी होतं.

"तुमच्या विमानाच्या वाऱ्याने फाटला गं," परी म्हणाली. तिचा आवाज पैंजणातल्या एकाच घुंगरासारखा होता. "दिवस मावळायच्या आत घरी पोचले नाही तर मी विझून जाईन."

पंखाला ठिगळ हवं होतं. पातळ, हलकं आणि आरपार दिसणारं. असं ठिगळ सगळ्या वाडीत एकच होतं, आणि ते शेवूच्या मुठीत होतं. तिला बाबांचं कालचं हसू आठवलं. मग तिने परीकडे पाहिलं. विमान थांबू शकतं, परीला थांबता येणार नाही, असं ती स्वतःशीच म्हणाली आणि घरातून छोटी कात्री, बारीक ब्रश आणि पांढरा गोंद घेऊन आली. फुगा कापताना तिला रडू आलं, पण हात हलू दिला नाही. इवलंसं ठिगळ तिने सावकाश बसवलं, अगदी बाबांनी शिकवलं होतं तसं.

गोंद वाळला. परीने पंख मिटला, उघडला, आणि आनंदाने फुलातल्या फुलात एक गिरकी घेतली.

"तुला तीन इच्छा," ती म्हणाली. "पण माझे नियम आहेत हं. मला फक्त तुला देता येतं. जे मागशील ते तुझ्याच ओंजळीत पडेल, दुसऱ्या कुणाला मी काही देऊ शकत नाही. आणि मी जे आणते ते माझ्याच मापाचं होतं."

दुसरा नियम शेवूच्या एका कानातून आत गेला आणि दुसऱ्यातून बाहेर आला. तिच्या डोक्यात घरातला रिकामा डबा होता. तिने पोतंभर गहू मागितला आणि ओंजळ पुढे केली. रुपेरी कण भुरभुरले आणि ओंजळीत एक पोतं पडलं. वालाच्या दाण्याएवढं. तोंड नीट शिवलेलं होतं, आत गहूही होते, पण त्यावर एका मुंगीचंच जेवण झालं असतं.

शेवूला वाटलं, पहिल्याच खेपेला चुकलं असेल. मग तिने आईसाठी शिलाई मशीन मागितलं. ओंजळीत मशीन आलं. काळंभोर, अंगावर सोन्याची वेलबुट्टी, फिरवलं की फिरणारं चाक, आणि सगळं मिळून चिंचोक्याएवढं. शेवू आधी खुदकन हसली. मग तिचा चेहरा उतरला.

"मी सांगितलं होतं गं," परी ओशाळून म्हणाली.

एकच इच्छा उरली. शेवूने सांगितलं की बाबांचे हात बरे कर. परीने नाही म्हणून मान हलवली. नियमाप्रमाणे ते तिला करता येत नव्हतं. तेवढ्यात घरातून आवाज आला. किणकिण, किणकिण. बाबांचा संध्याकाळचा चहा. तो आवाज ऐकला आणि शेवूला दुसरं काही सुचेना, नियम नाही, माप नाही, काहीच नाही.

"मग बाबांच्या हातांतली थरथर मला दे," ती म्हणाली.

परीने शेवूला विचारलं, नीट विचार केलास ना, तुझं अक्षर वाकडं येईल, तुला कधी विमान बांधावंसं वाटलं तर?

"चालेल," शेवू म्हणाली. "माझ्याकडे कुणी घड्याळं आणत नाही. बाबांकडे आणतात."

तिने डोळे घट्ट मिटले आणि ओंजळ पुढे केली. तिला फार भीती वाटत होती. आता हात खडखडायला लागतील, आता लागतील, म्हणून ती श्वास रोखून उभी राहिली. काहीच झालं नाही. म्हणजे अगदी काहीच नाही असं नव्हे. उजव्या करंगळीचं टोक हलकेच फुरफुरलं, फुलपाखरू बसावं तसं, आणि तेवढ्यावरच थांबलं.

शेवूने डोळे उघडले. "एवढीच?"

"मी जे आणते ते माझ्याच मापाचं होतं," परी म्हणाली. आता तिच्या डोळ्यांत पुन्हा पाणी होतं, पण ती हसत होती. "बहात्तर पटींनी लहान."

"आणि बाकीची थरथर? ती परत बाबांकडे गेली?"

"नाही गं. ती वाटेतच विरली. आता ती कुणाचीच नाही."

शेवूच्या छातीवरचा मोठा धोंडा उतरला. तिला इतकं हलकं वाटलं की उडीच मारावीशी वाटली. परीने पंखावर फुंकर घातली. ठिगळ अलगद सुटून शेवूच्या तळहातावर पडलं, पण आता ते ठिगळ नव्हतं. तो अख्खा, गुबगुबीत, लखलखीत फुगा होता, आणि परीचा पंख तरीही सांधलेलाच होता. ही इच्छा नव्हे, उसनं घेतलेलं परत करते आहे, असं परी म्हणाली. मग ती वर उठली. गुलबक्षीची सगळी फुलं एकदम उजळली, गुलाबी, पिवळी, पांढरी, आणि त्या उजेडात परी मिसळून गेली. उजेड ओसरला तेव्हा अंगणात नेहमीची संध्याकाळ होती.

घरात अजिबात आवाज नव्हता. शेवू दारात पोचली तर बाबा कप हातात धरून बसले होते. त्यांनी तो बशीत ठेवला. उचलला. पुन्हा ठेवला. आई चहाचं पातेलं घेऊन तिथेच उभी होती.

"अहो," ती हळूच म्हणाली, "वाजत नाहीये."

आणि ती खाली बसून रडायला लागली, पण ते रडणं चांगलं होतं. बाबांनी दोन्ही हात पुढे करून बघितले, जणू हरवलेले हात परत मिळाले होते. मग त्यांनी शेवूला उचलून घेतलं.

रविवारची कुणी वाट पाहिली नाही. टेबलावरचा रुमाल निघाला. काच बसली, पांढऱ्या गोंदाने, सावकाश. पण विमान चाकांवर उभं केलं की नाक वर करून शेपटीवर बसायचं. नाकाचं टोक अजून लावायचं होतं, आणि त्याआधी आत घालायचं वजन राहून गेलं होतं. बाबा काहीतरी लहान आणि जड शोधू लागले, तेव्हा शेवूने चिंचोक्याएवढं मशीन पुढे केलं आणि सगळी हकीकत सांगितली. बाबांनी घड्याळं बघायचं भिंग डोळ्याला लावलं. चाक फिरवलं. इतकं देखणं यंत्र नाकात लपवायचं म्हणून ते हळहळले.

"आपल्याला तर ठाऊक असेल ना," शेवू म्हणाली.

मशीन आत गेलं, टोक बसलं, आणि नॅट तिन्ही चाकांवर ऐटीत उभं राहिलं.

बाबा दुकानातल्या आपल्या खुर्चीत परत बसले. काही महिन्यांनी आईच्या कोपऱ्यात शिलाई मशीन आलं, चांगलं मोठं, दोन माणसांनी उचलून आणावं लागलं असं. ताटात चटणी आली, मग भाजीही आली. वालाएवढं पोतं मात्र शेवूने अंगणातल्या मुंग्यांना दिलं, आणि त्यांची दिवाळी झाली.

शेवूची करंगळी अजूनही अधूनमधून फुरफुरते. विमान जोडताना बाबांना ते दिसतं. मग ते हातातलं काम बाजूला ठेवतात आणि ती इवलीशी करंगळी आपल्या स्थिर मुठीत धरून बसतात, ती शांत होईपर्यंत.