सामा चकव्यात बसली

ऐका हं. डोंगराच्या पोटात लेणी कोरत होते ना, दिवसभर छिन्नीची टणटण घुमायची, त्या काळातली ही गोष्ट.

एकदा काय झालं, सोनघाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं. तिथे सामा नावाची बाई राहायची. घरात नवरा धनम, म्हातारी सासू आणि एवढुशी लेक लाची. धनम बैलांच्या पाठीवर मिठाच्या गोण्या लादायचा आणि घाट चढून वरच्या गावांना मीठ पोचवायचा. सामा फार भली. पण मन कसं? तर टोपलीखालून सुटलेल्या कोंबडीसारखं! चुलीपाशी बसली की मन गोठ्यात, गोठ्यात गेली की मन चुलीपाशी. पाण्याला जायची आणि घागर घरीच राहायची.

आता त्या घाटात होता एक चकवा. चकवा माणसाला मारत नाही, खात नाही, बरं का. नुसतं धुकं पसरतो आणि वाट चुकवतो. माणसाला वाटतं, चाललो मी घरी. आणि फिरत असतो तिथल्या तिथे, गोल गोल.

एके दिवशी धनम घाटात गेला तो आलाच नाही. पौर्णिमा गेली, अमावस्या आली, तरी पत्ता नाही. मग गावचे गडी शोधायला गेले. परत आले ते डोकं खाजवत. "आपण कशाला गेलो होतो रे?" असं एकमेकांनाच विचारायला लागले!

मग सामानं काय केलं? तडक लेण्यात गेली. तिथे एक म्हातारी भिक्खुणी राहायची. सगळे तिला थेरीमाय म्हणायचे.

सामा म्हणाली, "माय, चकव्यानं माझा धनी नेला. एखादा मंत्र दे, गंडा दे, काहीतरी दे!"

"मंत्र नाही गं माझ्यापाशी. ये, बस. श्वास आत येतो, तो बघ. बाहेर जातो, तो बघ."

सामानं बघितला. "आणि पुढे?"

"पुढे परत आत येतो."

सामा गोंधळली. नवरा हरवलाय आणि ही म्हणते श्वास बघ! पण दुसरं दार नव्हतं, म्हणून डोळे मिटून बसली. एक श्वास पाहिला, दुसरा पाहिला, तिसऱ्याला मन पोचलं घाटात. तिथून गोठ्यात. तिथून सासूच्या कालच्या बोलण्यात.

"मला नाही जमत, माय. मन पळून जातं."

"पळालं हे कुणाला कळलं?"

"मला."

"झालं तर! कळलं की हाताला धरून परत आण. मारायचं नाही, ओरडायचं नाही. अंगणातून लाचीला आणतेस ना, तसं. रोज ये. आणि घरीही हेच कर."

"घरी बसायला वेळ कुठाय?"

"बसू नकोस मग. दळताना दळणात राहा. कुणी लागेल असं बोललं तर उत्तर द्यायच्या आधी आपल्या पोटात काय होतंय ते बघ."

सामा आणखीच गोंधळली. घरी आली, जात्यावर बसली. खुंटा फिरतोय, पीठ पडतंय. मन पळालं, तिनं आणलं. परत पळालं, परत आणलं. जरा निवांत वाटलं. लगेच मनात आलं, अगं, पण यानं धनम कसा येणार?

असे बरेच दिवस गेले. एकदा सासू कडाडली, "जाऊन बसतेस लेण्यात! माझा लेक गेला, तुला काय त्याचं?"

सामाचे कान तापले. उत्तर अगदी ओठाशी आलं. नेहमी ते बाहेर पडायचं आणि मग भांड्यांची आदळआपट व्हायची. पण आज ती थांबली. पोटात बघते तर काय, राग! निखाऱ्यासारखा लाल. ती बघत राहिली. निखारा विझला नाही हं, पण त्यावर हळूहळू राख धरली. मग तिला दिसलं, सासू बोलतेय तिच्याशी, पण बघतेय घाटाच्या वाटेकडे. म्हातारी रागावली नव्हती, भ्याली होती. सामानं तिला जवळ घेतलं. दोघी खूप रडल्या.

"आत्याबाई, मी आणते त्यांना," सामा म्हणाली. बोलून तर गेली, पण कसं आणायचं ते तिचं तिलाच ठाऊक नाही!

सकाळ झाली. लाचीला आत्याबाईंपाशी ठेवून सामा घाट चढली. उंबराच्या झाडापाशी आली आणि धुकं उतरलं. हात पुढे केला तर हात दिसेना.

मग उजवीकडून धनमची हाक आली, "सामा गं!" ती धावली. धावते, धावते, तर समोर तेच उंबराचं झाड. मग डावीकडून लाचीचं रडणं आलं. लाची घरी आहे, हे सामाला पक्कं ठाऊक. तरी पाय धावलेच! आणि पुन्हा तेच झाड. मग समोर आपलं घरच दिसलं. छपरातून धूर निघतोय, दारात धनम उभा. सामानं पाय उचलला. आणि तिला कळलं, अरे, मन पळालं. तिनं पाय खाली ठेवला आणि मटकन झाडाखाली बसली.

श्वास आत आला. श्वास बाहेर गेला.

"अगं ऊठ! पळ ना!" धुकंच बोललं की. "बसतेस काय? मला पाय नाहीत बाई. तू धावलीस की मी चालतो."

सामा घाबरली. तिनं ती भीतीही बघितली. बघत बसली, बसली, आणि धुकं विरळ झालं. पाहते तर काय, दहा हातांवर धनम! दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. खळ्यावर मळणीचे बैल फिरतात ना, तसा आपल्या बैलांसकट त्याच झाडाभोवती फिरतोय.

सामानं धावत जाऊन त्याचा हात धरला. "अहो, थांबा!"

"थांबू नकोस सामा, चल. घर आलंच," धनम म्हणाला आणि चालतच राहिला. त्याच्यामागे सामाचेही पाय फिरायला लागले. एक फेरी झाली तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं. तिनं हात सोडला आणि वाटेच्या मधोमध बसली.

पुढचा बैल आला. त्यानं तिला हुंगलं, फोंऽऽस करून उसासा टाकला आणि गुडघे मोडून बसला. बाकीचेही बसले. कासरा धनमच्या हातात, तोही थांबला.

"घर आलंच होतं गं," तो पुटपुटला.

"घर कुठं जात नाही. बैल दमलेत. तुम्हीही बसा."

धनम बसला. दोन श्वास घेतले आणि लहान पोरासारखा रडायला लागला. "सामा, मी कधीपासून चालतोय?" सामा त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिली. धुकं पार उडालं. गावाची वाट झाडामागेच होती!

"आता मी काय करू?" चकव्यानं बारीक आवाजात विचारलं.

"मलाही ठाऊक नाही बाबा. तूही बस," सामा म्हणाली. तो बसला की नाही, कुणास ठाऊक.

दोघं घरी आली. आत्याबाईंनी लेकाचं तोंड कुरवाळलं, लाची बापाच्या गळ्यात पडली. दुसऱ्या दिवशी सामा लेण्यात गेली. "माय, सगळं ठीक झालं. पण मी नेमकं केलं काय, ते काही मला कळलं नाही."

थेरीमाय खुदकन हसली. "मलाही कुठं सगळं कळतं? उद्या ये."

सामा जात राहिली. पुढेही ती चिडायची, दूध उतू जायचं, आत्याबाई बोलायच्या. पण घरातली आदळआपट थांबली ती थांबलीच. मीठ वेळेवर वर जायचं, धनम वेळेवर खाली यायचा, आणि सगळी पोटभर जेवून सुखानं राहिली.

संपली गोष्ट. आता कुशीवर वळा बघू. पांघरूण नीट घ्या, पाय उघडे टाकू नका. झोपा माझ्या सोन्यांनो.