कुंभारणीचं दार

एका घराच्या भिंतीवर, खिडकीच्या वर, एक मडकं होतं. मातीचं मडकं. बोराएवढं मडकं. ते घडवलं होतं एका कुंभारणीने.

ही कुंभारीण म्हणजे बारीक कंबरेची एक माशी. तिच्याकडे चाक नाही. तिच्याकडे भट्टी नाही. तोंडात माती आणायची, जागेवर लावायची. गुंई गुंई, एक गोळी. गुंई गुंई, दुसरी गोळी. असं करत करत मडकं झालं.

मडक्यात तिने एक अंडं घातलं. अंड्यात तिचं बाळ. बाळाजवळ तिने खाऊ साठवला. मग मडक्याला दार लिंपलं.

आणि टप्!

दार निखळलं. खाली पडलं. त्याचा चुरा झाला. बाळ उघडं राहिलं.

कुंभारणीने खाली पाहिलं. भिंतीच्या पायाशी लाल मुंग्यांची रांग होती. तुरु तुरु, तुरु तुरु. रांग वर निघाली होती.

कुंभारीण उडाली. गुंई गुंई, गुंई गुंई. ती गेली मातीकडे.

"माती, माती,
माझं दार निखळलं, बाळ उघडं.
एक गोळा दे."

माती म्हणाली, "मी कोरडी. भुरु भुरु उडते. माझा गोळा वळेना."

"मग गोळा जमव ना!"

कुंभारणीला हा एकच शब्द ठाऊक होता. जमव. तिला वाटे, एवढा शब्द सगळ्यांना पुरतो.

माती म्हणाली, "गोळा जमत नाही. गोळा वळतो. खळग्यातलं पाणी मिळालं, तर वळेल."

तुरु तुरु, तुरु तुरु. मुंग्या वीतभर वर आल्या.

गुंई गुंई, गुंई गुंई. कुंभारीण गेली खळग्याकडे.

"खळग्या, खळग्या,
माझं दार निखळलं, बाळ उघडं.
गोळा वळेना.
थोडं पाणी दे."

खळगा म्हणाला, "मी रिकामा. माझ्यात पाणी साचेना."

"मग पाणी जमव ना!"

"पाणी जमत नाही. पाणी साचतं. गुरांची डोण भरून वाहिली, तर साचेल."

तुरु तुरु, तुरु तुरु. मुंग्या दोन विती वर आल्या.

गुंई गुंई, गुंई गुंई. कुंभारीण गेली डोणीकडे. विहिरीच्या काठी, दगडाची डोण.

"डोणी, डोणी,
माझं दार निखळलं, बाळ उघडं.
गोळा वळेना.
पाणी साचेना.
तू भरून वाहा."

पाहा, ती शिकत होती. पण डोण म्हणाली, "मी काय आपली आपण भरते? गाय प्याली, वासरू प्यालं, मी तळाला गेले. सगुणामावशी पाणी शेंदेना, मी भरेना."

"मग मावशीला जमव ना!"

"मावशीला जमवू? अगं, ती एकटीच आहे. एकटं माणूस कसं जमेल? जा, तिला सांग. सगुणामावशीने पाणी शेंदलं, तर मी भरेन."

तुरु तुरु, तुरु तुरु. मुंग्या खिडकीच्या जवळ आल्या.

गुंई गुंई, गुंई गुंई. कुंभारीण गेली सगुणामावशीकडे. मावशी खळ्यात उभी होती. पदर खोचलेला. भोवती कडब्याच्या पेंढ्याच पेंढ्या.

"मावशी, मावशी,
माझं दार निखळलं, बाळ उघडं.
गोळा वळेना.
पाणी साचेना.
डोण भरेना.
घागरभर पाणी शेंद."

मावशीने कपाळ पुसलं. "कसं शेंदू, बाई? हा कडबा असाच पडला, तर गुरं तुडवतील. वर्षाचा चारा जाईल. पेंढी वर द्यायला एक हवं, वर लावायला एक हवं. मी एकटी. माझी गंज रचून होईना."

"मग गंज जमव ना!"

मावशी थकली होती, तरी हसली. "अगं बये, गंज म्हणजे काय भजनाच्या बायका आहेत जमायला? गंज रचतात. पेंढीवर पेंढी, थरावर थर."

"मग कोणाला हाक का मारत नाहीस?"

मावशी हळूच म्हणाली, "मागायला जीभ उचलत नाही गं. गंज रचून झाली, तर शेंदेन."

तुरु तुरु, तुरु तुरु. मुंग्या खिडकीशी पोहोचल्या.

गुंई गुंई, गुंई गुंई. कुंभारीण गेली कडुलिंबाखाली. तिथे निवृत्तीआबा बसले होते. त्यांच्या मांडीवर हलगी होती.

"आबा, आबा,
माझं दार निखळलं, बाळ उघडं.
गोळा वळेना.
पाणी साचेना.
डोण भरेना.
गंज रचून होईना.
तुम्ही काहीतरी करा."

आबांनी डोळे बारीक केले. "सगुणाची गंज? मग इर्जिक का नाही सांगितली तिने?"

"इर्जिक म्हणजे काय, आबा?"

"काम एकाचं, हात गावाचे. काम झालं की सगळ्यांनी मिळून जेवायचं. आज तिच्या खळ्यात, उद्या माझ्या शेतात. त्यात कसली लाज?"

"तिची जीभ उचलत नाही, आबा."

"बरं. मग तिच्यासाठी तू सांग. पण मी हलगी उगाच वाजवत नाही. माणसांचं काय करू? नीट सांग."

कुंभारीण घाबरली. काय सांगावं? माणसं वळा? माणसं साचवा? माणसं रचा? तिच्याकडे आपला एकच शब्द होता. तो तर चार वेळा चुकला होता.

तिला मुंग्या आठवल्या. तिला बाळ आठवलं. ती अगदी हळू म्हणाली,

"आबा, माणसं... जमवा?"

आबा ताठ बसले.

"बरोबर! माणसंच जमतात, पोरी."

आणि त्यांनी हलगीवर काठी मारली. तडांग तड! तडांग तड! "सगुणाच्या खळ्यात इर्जिक हो!"

वरच्या आळीतून माणसं आली. खालच्या आळीतून माणसं आली. कोणी पागोटं बांधत आलं, कोणी पोर काखेला घेऊन आलं.

माणसं जमली.

"सगुणे, आम्हाला परकं समजलीस होय?" एक म्हातारी म्हणाली. मावशीने डोळ्यांना पदर लावला. मग पेंढी उचलली.

माणसं जमली, तशी गंज रचली. पेंढीवर पेंढी, थरावर थर.

गंज रचली, तशी मावशी विहिरीवर गेली. रहाट फिरला, खर्र खर्र. डोण भरली.

डोण भरली, भरून वाहिली. खळग्यात पाणी साचलं.

पाणी साचलं, माती भिजली. गोळा वळला.

गोळा तोंडात धरून कुंभारीण उडाली. गुंई गुंई! गुंई गुंई!

मडक्याच्या तोंडाशी पहिली मुंगी पोहोचली होती. तिची मिशी आत गेली होती. कुंभारणीने मुंगीला ढकललं. गोळा लावला. डोक्याने दाबला. पुन्हा दाबला.

दार लिंपलं.

मुंग्यांनी दार हुंगलं. इकडून हुंगलं, तिकडून हुंगलं. मग आल्या वाटेने परत गेल्या. तुरु तुरु, तुरु तुरु.

खाली खळ्यात सगळे पंगतीला बसले. मावशीने भाकरी वाढली, झुणका वाढला. गुळाचा एक खडा तिने खिडकीत ठेवला.

"हा तुझा, कुंभारणी. इर्जिक तू सांगितलीस ना."

मग कुंभारीण वाट पाहत राहिली. एक दिवस गेला. दोन दिवस गेले. पुष्कळ दिवस गेले.

दिवस वळत नाहीत. दिवस साचत नाहीत. दिवस रचत नाहीत. माणसांसारखे दिवस जमतही नाहीत.

दिवस भरतात.

आणि एका सकाळी दिवस भरले. मडक्यात आवाज झाला. टक्. टक्. टक्. दाराला भोक पडलं. आधी एक मिशी आली. मग डोकं आलं. मग बारीक कंबर आली.

"आलीस?" कुंभारीण म्हणाली.

"गुंई," बाळ म्हणालं.

माणसं जमली, गंज रचली, डोण भरली, पाणी साचलं, गोळा वळला, दिवस भरले, बाळ आलं.

कडीला होती कडी, एकेक कडी सुटली. आपली गोष्ट आता डोळे मिटून निजली.