फुलांची उतरंड

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते सांगता येणार नाही. सांगितले तर बहुधा चुकेल. एका नदीच्या दोन काठांवर कुंभारांची दोन गावे होती. नदी एकच, तिची चिकण मातीही एकच. त्या मातीवरून भांडण पेटले, आणि ते इतके विकोपाला गेले की एका काठचा माणूस दुसऱ्या काठी पाणीसुद्धा पिईना.

पण माती काढता काढता एका काठच्या मुलीची आणि दुसऱ्या काठच्या मुलाची नजरानजर झाली. नजरेला कोण काय करणार? दोन्हीकडचे जाणते एकत्र बसले, पुष्कळ खाकरले, आणि शेवटी असे ठरले: लग्न लागण्याआधी दोन्ही गावांनी एका मांडवात समोरासमोर जेवायला बसायचे. मुलाच्या आजोबांनी आणि मुलीच्या थोरल्या चुलत्यांनी एकमेकांकडे पाहत पहिला घास बरोबरच उचलायचा. मग बाकीच्यांनी. घास उचलला की भांडण मिटले. न जेवता कोणी पानावरून उठले, तर लग्न मोडले.

मुलीचा बाप हाताचा कसबी, पण जिवाने घाबरा होता. दोन पंगतींच्या मधल्या जागेत फुलांच्या कुंड्या मांडाव्यात, असे त्याच्या मनात आले. त्याने वीतभर उंचीची पसरट कुंडी घडवली, भाजली, गेरूने रंगवली, चुन्याच्या ठिपक्यांनी तिच्यावर वेल काढली आणि तिच्यात शेवंती लावली. कुंडी देखणी झाली. तो दिवसभर खूश होता.

संध्याकाळी शेजारीण डोकावली. "एवढीशी? मला वाटलं, चटणी ठेवायला केलीत!"

"लहान वाटते का हो वहिनी?"

"मला नाही वाटत. पण पलीकडचे म्हणतील, मातीसाठी एवढे भांडले आणि कुंडी केली ती ही एवढी!"

ती हसून निघून गेली. तो मात्र अंथरुणावर कुशी बदलत राहिला. उजाडताच त्याने पहिल्या कुंडीवर बसेल अशी दुसरी कुंडी केली. तिच्यात झेंडू लावला. दोन दिवस बरे गेले. मग वाटू लागले, पलीकडच्यांनी याहून उंच पाहिली असेल तर? त्याने तिसरी चढवली. तिच्यावर कवड्या बसवल्या. कवड्या बसवल्यावर खालच्या दोन ओक्याबोक्या दिसू लागल्या, म्हणून त्यांनाही बसवल्या.

त्याचे गाढव माती वाहून वाहून वाकले होते. त्या काळी गाढवे बोलत असत, आणि तेव्हाही त्यांचे कोणी ऐकत नसे.

"मालक," गाढव म्हणाले, "लग्नात घोडा मिरवणार आणि माती मी वाहणार, याचं मला काही वाटत नाही. पण अजून किती खेपा, तेवढं तरी सांगा."

"ही शेवटची."

"हे तुम्ही सोमवारीही म्हणालात."

बायको म्हणाली, "अहो, लग्न मुलीचं आहे, कुंड्यांचं नाही. बास करा आता."

"तुला कळत नाही. लोक नावं ठेवतील."

"कोण लोक?"

 त्याने चौथी कुंडी चाकावर घेतली. मग पंगतीच्या लांबीला पुरतील एवढ्या तशाच उतरंडी केल्या.

लग्नाचा दिवस उजाडला. मांडवात केळीची पाने मांडली गेली. दोन ओळींच्या मधोमध फुलांच्या उतरंडी उभ्या राहिल्या, चार चार कुंड्यांच्या, एकीला एक भिडलेल्या. दोन्ही गावे आली आणि आपापल्या बाजूने पानांवर बसली. भात वाढला, वरण वाढले, तूप वाढले. मुलीचा बाप, आपला कुंभार, मात्र बसला नाही. सुकलेले एखादे पान खुडत, कललेली कवडी दाबत तो कुंड्यांच्या कडेने येरझारा घालत होता.

मुलीने दाराआडून पाहिले. तिच्या कपाळावर मुंडावळ्या बांधल्या होत्या. तिने बापाला हाक मारली. "बाबा, कोणीच का जेवत नाही?"

तेव्हा कुठे त्याने फुलांवरून नजर काढून माणसांकडे पाहिले. इकडे चुलता भातावर हात ठेवून बसला होता. तिकडे आजोबा भातावर हात ठेवून बसले होते. मधल्या फुलांमुळे कोणालाच समोरचा दिसत नव्हता.

"काय मिजास आहे!" चुलता पुटपुटला. "आपल्याला ताटकळत ठेवलंय."

पलीकडे आजोबांची मान ताठ झाली. "घरी बोलावून अपमान करतात. चला, पागोटं आणा रे माझं."

कुंभार धावत गेला. "आजोबा, ते तुमचीच वाट बघताहेत हो! हात भातावरच आहे त्यांचा."

"असेल," आजोबा म्हणाले. "मला फुलं दिसतात. जे दिसत नाही ते मी कसं मानू?" आणि त्यांनी उठायला एक हात जमिनीला टेकवला.

कुंभार कुंड्यांकडे वळला. कुंडी फोडावी, तर लग्नघरात मडके फुटणे अशुभ. आणि आजोबांपुढच्या उतरंडीची ती वरची कुंडी! तिच्यावरच्याइतकी नाजूक वेल त्याच्या हातून पुन्हा उतरली नसती. त्याने एकदा दाराकडे पाहिले. मुलगी दोन्ही हातांनी चौकट धरून उभी होती.

त्याने वरची कुंडी उचलली आणि मांडवाबाहेर नेऊन ठेवली. चुलत्याला समोर पागोटे नसलेला एक पांढरा माथा दिसला. कुंभाराने दुसरी कुंडी उचलली. रागाने आवळलेल्या भुवया दिसल्या. तिसरी उचलली, आणि दोन्ही म्हाताऱ्यांना एकमेकांची तोंडे दिसली, आणि भातात रुतलेले, तूप थिजलेले दोन हात.

"अरे," आजोबा म्हणाले, "तुम्हीही थांबलात होय?"

"नाहीतर काय! पोटात कावळे ओरडताहेत."

दोघांनी एकदमच घास उचलला. मग दोन्हीकडची तरुण पोरे उठली आणि राहिलेल्या उतरंडी भराभर उतरवू लागली.

भात गार झाला होता, पण पंगत पोटभर जेवली. लग्न लागले. बाहेर उन्हात ठेवलेल्या कुंड्यांकडे कोणीही वळून पाहिले नाही, आणि कुंभाराला त्याचे थोडे वाईट वाटले, हेही खरेच. पण मुलगी नावेत बसली तेव्हा दोन्ही काठांची माणसे तिला पोचवायला गुडघाभर पाण्यात उतरली होती.

त्या नदीकाठी अजूनही पंगतीतली कुंडी वीतभरच करतात.

तात्पर्य: लोक काय म्हणतील या धास्तीने शोभा वाढवत गेले, की ज्यांच्यासाठी ती मांडली तीच माणसे तिच्याआड जातात.