कोंडलेला शब्द

एका राज्यात काहीही जोडायचं झालं, की जोडावर अंगठा टेकून ‘सांध’ म्हणायची रीत होती. रांजणाला कान लावताना कुंभार म्हणे, चाकात आरा बसवताना सुतार म्हणे, नवरानवरीची गाठ मारताना भटजी म्हणत.

पुढे राजाचं धाकट्या भावाशी बिनसलं. प्रधानानं समेटासाठी तो शब्द काढला मात्र, राजाचा पारा चढला. त्यानं मांत्रिकाला तो शब्द दगडी पेटीत कोंडायला लावला. राग एकट्याचा, भोगला साऱ्यांनी. रांजणांचे कान गळले, चाकं निखळली, मोडलेली हाडं जुळेनात.

भिवरा हाडवैदीण होती. गावाची हाडं बसवणाऱ्या त्या बाईचा एकुलता एक मुलगा रायबा वर्षभर मोडका पाय घेऊन पडून होता. दारच्या साळुंकीनं सांगितलं, "पेटी कोरड्या तळ्यात आहे." भिवरा निघाली.

तळ्यात मांत्रिक बसला होता. काठच्या झाडाला टांगलेला दोर तुटत होता, खाली धोंडा लोंबत होता.

"पेटी हवी, तर धोंडा पडता कामा नये," मांत्रिक म्हणाला.

भिवरानं तुटकी टोकं दोन मुठींत धरली, ती दिवस मावळेपर्यंत. दुसऱ्या दिवशी मांत्रिकानं पाण्यानं भरलेला तडकलेला रांजण पुढे ठेवला. तिनं तो कवटाळला. थेंब गळू दिला नाही.

तिसऱ्या दिवशी मांत्रिक म्हणाला, "दोनदा स्वतः सांधा झालीस. आता एक सांधा तोडून दे."

तिनं अंगठा पुढे केला.

"तो नको. तुझा नि लेकाचा दे. तो तुला ओळखणार नाही."

भिवरा रडली, बराच वेळ रडली.

"पण त्याच्या पायाचं हाड धरेल ना?"

"धरेल."

"मग घ्या."

पेटी उघडली. शब्द परत आला आणि पहिला राजाच्याच तोंडून निघाला. त्यानं भावाला पालखी धाडली. चाकं फिरू लागली, रांजण भरले.

भिवरा घरी पोहोचली, तेव्हा रायबा अंगणात उभा होता, दोन्ही पायांवर.

"कोण पाहिजे, बाई?" त्यानं विचारलं.

"हाडवैदीण आहे मी. पाय बघायला आले."

ती खाली वाकली. नडगीवर अंगठा टेकून हळूच म्हणाली, "सांध."

हाड पक्कं बसलं होतं. रायबानं तिला पाणी दिलं, आणि ती पुढच्या गावाला निघाली.